पॅसेजमध्ये बसलेला बोका : वन बीएचकेत दुसरं मांजर आणल्याचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. जुलै ते फेब्रुवारी, आठ महिने चाललेलं. नववीतल्या माझ्या मुलीने दोनशे पानी वहीत रोजच्या नोंदी केल्या, म्हणून आज इतक्या तपशिलात सांगता येतंय. ज्यांच्या घरी एक मांजर आहे आणि दुसरं आणायचं मनात आहे, त्यांना यातली एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. दोन मांजरांच्या भांडणाचा आवाज येत नाही म्हणजे त्यांचं जमलं, असं धरून चालू नका. आमच्या जाईला सगळ्यात जास्त त्रास झाला तो घर अगदी शांत असताना.

घराची रचना आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. डोंबिवलीतला वन बीएचके. दारातून आत आलं की हॉल. हॉलच्या एका टोकाला स्लायडिंगच्या खिडक्या लावून बंद केलेली गॅलरी, तिला लाकडी दार. दुसऱ्या टोकाला तीन फूट रुंदीचा पॅसेज. पॅसेजच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला संडास-बाथरूम आणि बाहेर बेसिन, शेवटी बेडरूम. माणसं चार: मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी. सासूबाई आणि मुलगी बेडरूममध्ये झोपतात, आम्ही दोघं हॉलमध्ये.

जाई सहा वर्षांची. राखाडी पट्ट्यांची भाटी, नसबंदी झालेली, वजन 3.8 किलो. दोन महिन्यांची असल्यापासून आमच्याकडे. दुपारी बेडरूमच्या खिडकीत, संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, रात्री सासूबाईंच्या पायाशी, असा तिचा शिस्तीचा दिवस. तिचा लिटरचा (शी-शूच्या वाळूचा) ट्रे बेसिनखाली, जेवणाची वाटी ओट्याखाली. सहा वर्षांत ट्रेबाहेर एकदाही घाण केली नव्हती.

रंगा मिळाला जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पार्किंगमध्ये. तीन दिवस पाऊस थांबत नव्हता आणि हा एका गाडीच्या चाकावर चढून बसला होता. तांबडा-पांढरा बोका, डॉक्टरांच्या अंदाजाने आठ महिन्यांचा. हाडं हाताला लागत होती.

पहिल्या दिवशीची चूक

मी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून वर आणलं आणि हॉलमध्ये जाईसमोर खाली ठेवलं. हुंगतील, ओळख करून घेतील, असं मला खरंच वाटलं होतं. जाईने पाठीची कमान केली, शेपटी फुलवली आणि फिस्कारली. रंगा पळायला वाट शोधत तिच्याच दिशेने गेला. पुढचं काही सेकंदांचं आहे. दोघांचा एक गोळा सोफ्याखाली शिरला, मी हात घातला आणि रंगाच्या नखांनी मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे आले. रक्त आलं.

रस्त्यावरच्या, लस न झालेल्या मांजराने रक्त काढलं की त्याला किरकोळ समजू नये. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं हात धुतला आणि सरकारी दवाखान्यात गेले. रक्त आलेलं असल्यामुळे रेबीजच्या लसीबरोबर जखमेत सीरमही दिलं. लस 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी. भांडणाऱ्या मांजरांमध्ये हात घालायचा नसतो. पुठ्ठा, उशी, चादर, जे हाताशी येईल ते दोघांच्या मध्ये सरकवायचं.

सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "सवत आणलीस तिच्या उरावर." नवरा म्हणाला, "दोन दिवस जाऊ दे, आपापसांत मिटवतील." दोघांच्या बोलण्याचा मी नंतर बराच विचार केला. सवत म्हटलं की मत्सर डोळ्यांसमोर येतो. जाईला लागलेली गोष्ट मत्सराहून मूलभूत होती, ती जागेची होती. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, एकट्याने शिकार करणारं. उंदीर मारला तर तो एकाचंच पोट भरतो, वाटून खाण्याइतका नसतो. त्यामुळे प्रत्येकाचा इलाखा वेगळा आणि दुसऱ्यापासून अंतर राखणं हीच जगण्याची रीत. गावात, मासळीबाजारात मांजरांचे घोळके दिसतात, पण त्यात बहुधा आई, मुली, मावश्या असतात. कुत्र्यांसारखी भांडण मिटवण्याची, माघार घेऊन पुन्हा जवळ येण्याची समृद्ध भाषा मांजरांकडे नाही. म्हणून "आपापसांत मिटवतील" हे मांजरांच्या बाबतीत फार महाग पडतं. पहिल्या भेटीत धसका बसला की तो महिनोन्‌महिने टिकतो. आमच्या आठ महिन्यांपैकी काही आठवडे मी त्या एका मिनिटात घालवले, असं मला आजही वाटतं.

गॅलरी

रंगाला कोणती खोली द्यायची, यावर घरात वाद झाला. बेडरूमला नीट दार होतं, ती सोयीची होती. पण बेडरूम हाच जाईच्या इलाख्याचा गाभा. नवख्याला जुन्याची झोपायची जागा दिली तर जुनं घरातल्या घरात बेघर होतं. शेवटी गॅलरी ठरली. कपडे वाळत घालायची जागा गेली, भर पावसाळ्यात. त्या दोन महिन्यांत हॉलमध्ये दोऱ्यांवर ओले कपडे आणि खाली माणसं असा संसार चालला. सासूबाईंनी त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, हे इथे नोंदवलंच पाहिजे.

पहिले चौदा दिवस विलगीकरणाचे. कारण भांडणाचं नव्हतं, रोगाचं होतं. मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणू पिल्लांना दोन-चार दिवसांत मारू शकतो आणि जमिनीवर, भांड्यांवर वर्षभरही जिवंत राहू शकतो. जाईची लस वेळेवर झालेली होती, तरी रंगाला हात लावल्यावर आम्ही हात धूत होतो आणि गॅलरीत जाताना वेगळा गाऊन घालत होतो. डॉक्टरांनी रंगाच्या रक्ताची दोन विषाणूंसाठी चाचणी केली, मांजरांचा ल्युकेमिया आणि मांजरांचा एड्स म्हणून ओळखला जाणारा एफआयव्ही. दोन्ही निगेटिव्ह आल्या. नुकती लागण असेल तर ती पहिल्या चाचणीत सापडत नाही, म्हणून दोन महिन्यांनी पुन्हा करायची असं ठरलं. जंताचं औषध, पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब, तिहेरी लसीचा पहिला डोस. कानामागे एक टक्कल पडलेला ठिपका होता, तो गजकर्ण नाही याची खात्री करून घेतली. कारण तो जाईलाच काय, आम्हालाही झाला असता.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्याची नसबंदी केली. तोवर त्याने गॅलरीच्या भिंतीवर दोनदा लघवीची पिचकारी मारली होती आणि तो उग्र वास दाराखालून हॉलमध्ये येत होता. जाई त्या फटीशी नाक लावून उभी राहायची आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजल्यासारखी व्हायची. टाळूतल्या एका खास अवयवापर्यंत वास पोहोचवण्याची ती पद्धत आहे. नसबंदीनंतर नराची संप्रेरकं लगेच ओसरत नाहीत, काही आठवडे जातात. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं आम्ही थांबलो. घाई करायचं कारणही नव्हतं. गॅलरीत त्याला ट्रे होता, पाणी होतं, खोक्यात सासूबाईंची जुनी गोधडी होती आणि खिडकीतून समोरच्या झाडावरचे कावळे दिसत होते.

वासाची ओळख

मांजराच्या गालांत, कपाळावर, हनुवटीखाली आणि पंजांत गंधग्रंथी असतात. ते आपल्या पायाला, दाराच्या कडेला गाल घासतं तेव्हा तिथे स्वतःचं नाव लिहीत असतं. त्यामुळे दोन मांजरांची पहिली भेट नाकाने व्हायला हवी, डोळ्यांनी नंतर.

मुलीने शाळेचा जुना सुती मोजा घेतला, रंगाच्या गालांवरून फिरवला आणि जाईच्या वाटीपासून चार फुटांवर ठेवला. जाई आली, हुंगली, फिस्कारली आणि न जेवता निघून गेली. वहीत त्या दिवसापुढे "उपाशी" असं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी मोजा आणखी लांब, बेडरूमच्या कोपऱ्यात. तिथून रोज थोडा जवळ. सहाव्या दिवशी ती मोज्याच्या शेजारी जेवली. जेवण थांबलं की आपण एक पाऊल मागे जायचं, एवढा एकच नियम आम्ही पाळला. मांजराला उपाशी ठेवून सवय लावता येत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

मग दोघांच्या वाट्या गॅलरीच्या बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवल्या. सुरुवात सहा फुटांपासून. या वेळी रोजच्या कोरड्या खाण्याऐवजी उकडलेल्या कोंबडीचे तुकडे द्यायचो. मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, मांजराच्या रक्ताला ते विषच. दाराआडून तो वास आला की काहीतरी चांगलं मिळतं, एवढा धागा जाईच्या मनात जुळायला हवा होता. दहा-बारा दिवसांत दोघं दाराला लागून जेवू लागली.

त्यानंतर जागांची अदलाबदल. जाईला अर्धा तास गॅलरीत सोडायचं, तेवढा वेळ रंगा हॉल आणि पॅसेजमध्ये. एकमेकांना न बघता एकमेकांच्या घरात. जाई गॅलरीत प्रत्येक इंच हुंगत फिरायची. रंगा हॉलमध्ये सोडल्यावर थेट पॅसेजच्या तोंडाशी जाऊन बसायचा आणि आत बघत राहायचा. वहीत ते तीनदा लिहिलेलं आहे. तेव्हा त्याचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच कळला नाही.

गणपतीत दीड दिवस पाहुणे होते. त्या आठवड्यात सगळं थांबवलं.

जाळी

सेक्शनच्या खिडक्या करणाऱ्याकडून गॅलरीच्या दाराला ॲल्युमिनियमच्या चौकटीत बारीक तारेची जाळी बसवून घेतली. मच्छरदाणीची प्लास्टिकची जाळी मांजर एका फटकाऱ्यात फाडतं. जाळीवर आतून पुठ्ठा चिकटवला आणि रोज खालून दोन बोटं वर उचलला. आधी फक्त पंजे दिसले, मग पोट, मग मिशा.

पहिल्यांदा नजरानजर झाली तेव्हा जाई गुरगुरली. फिस्कारणं, गुरगुरणं याला आम्ही घाबरलो नाही. "जवळ येऊ नकोस" असं ती स्पष्ट सांगत होती आणि रंगा ते ऐकत होता. मला भीती वाटायची टक लावून बघण्याची. अंग ताठ, कान बाजूला वळलेले, शेपटीचं टोक हलतंय आणि पापणी लवत नाही, असं दिसलं की मध्ये पुठ्ठा सरकवून जेवणाची वाटी वाजवायचो. मुलीने एक सवय लावून घेतली होती. दोघांपैकी कुणी तिच्याकडे बघितलं की ती डोळे बारीक करून सावकाश मिटायची. मांजरं माणसाच्या अशा मंद पापणीमिटीला तशाच पापणीमिटीने उत्तर देतात, असं ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं आहे. पंधरा दिवसांनी जाळीपलीकडच्या रंगाने जाईकडे बघून तसे डोळे मिटले. जाईने तोंड फिरवलं आणि पंजा चाटायला घेतला. तोंड फिरवणं ही मांजरांत सभ्यता आहे.

सप्टेंबरच्या मध्याला जाळी उघडली. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, दोन माणसं हजर, एकाकडे काठीला बांधलेलं पीस. सप्टेंबर संपता संपता दिवसभर दारं उघडी राहू लागली. फिस्कारणं जवळजवळ बंद झालं. मी बहिणीला फोन करून सांगितलं की जमलं एकदाचं.

शांत ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंच्या गादीवर ओला डाग दिसला. दोन दिवसांनी धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत. मग पुन्हा गादीवर, या वेळी किंचित गुलाबी. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, मांजर सूड उगवतंय. माझ्याही मनात क्षणभर ते आलं. मांजर असा सूड घेत नाही. ट्रेबाहेर लघवी करणारं मांजर बहुधा एक तर आजारी असतं, नाही तर ट्रेपर्यंत पोहोचायला घाबरत असतं. जाईच्या बाबतीत दोन्ही खरं होतं.

डॉक्टरांनी लघवी तपासली. रक्त होतं, जंतू नव्हते, खडे नव्हते. मूत्राशयाची दुखरी सूज, जंतुसंसर्गाशिवायची. मांजरांमध्ये ताणाने ही उद्भवते किंवा बळावते. वजन 3.3 किलो. तीन महिन्यांत अर्धा किलो उतरलं होतं आणि आमच्या लक्षात आलं नव्हतं, कारण रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. वेदनाशामक दिलं, पाणी जास्त जावं म्हणून ओलं खाणं सुरू केलं. (मांजराला आपली तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलचा अर्धा तुकडाही त्याला मारू शकतो. आणि बोका लघवीला बसून कुंथत असेल, थेंबही येत नसेल, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. मार्ग तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.)

मग डॉक्टरांनी विचारलं, "दोघं दिवसभर कुठे कुठे बसतात?"

मी म्हटलं, जाई बहुतेक कपाटावर असते, रंगा हॉलमध्ये. भांडण अजिबात नाही.

"मला घराचा नकाशा काढून आणा. तीन दिवस, दर तासाला, कोण कुठे आहे त्याचा ठिपका मारा. काही करू नका, फक्त ठिपके."

सहामाहीची सुट्टी सुरू होत होती. मुलीने आलेखाच्या कागदावर घर काढलं. जाई निळी, रंगा तांबडा. तीन दिवसांनी तो कागद बघून मी किती तरी वेळ बोलले नाही. तांबड्या ठिपक्यांचा सगळ्यात दाट पुंजका पॅसेजच्या तोंडाशी होता. निळे ठिपके जवळपास सगळे बेडरूमच्या कपाटावर. स्वयंपाकघरात आणि बेसिनखाली निळा ठिपका फक्त पहाटे दोन ते चारमध्ये, रंगा हॉलमध्ये आमच्या पायाशी गाढ झोपलेला असताना. मुलीने त्यासाठी गजर लावून उठून ठिपके मारले होते.

रंगा काही करत नव्हता. पंजा उगारत नव्हता, गुरगुरत नव्हता. घराच्या एकमेव रस्त्यावर तो आडवा पडून असायचा आणि जाई खोलीतून डोकं काढायची तेव्हा फक्त बघायचा. जाई मागे फिरायची. आम्ही येता-जाता त्याला ओलांडून जायचो, वाकून त्याच्या डोक्यावरून हातही फिरवायचो. जाईचं जेवण आणि संडास, दोन्ही त्याच्या नजरेखाली होतं. ती दिवसभर लघवी धरून बसायची.

अमेरिकेतल्या मांजर-वैद्यकांच्या संघटनेने 2024 मध्ये एकाच घरातल्या मांजरांमधल्या तणावावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतही या मूक खुणांवर भर आहे: टक लावणं, वाट अडवणं, एकाने बाहेर पडणं हळूहळू बंद करणं. मारामारी कुणालाही दिसते, हे मुद्दाम बघावं लागतं.

ट्रेच्या बाबतीतही आम्ही फसलो होतो. मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ट्रे ठेवावा, हे मला माहीत होतं. दोन मांजरं, तीन ट्रे. ते तिन्ही आम्ही बेसिनखाली एकाला एक लावून ठेवले होते. डॉक्टर म्हणाल्या, "मांजराच्या हिशेबाने तो एकच संडास झाला."

सुतार

इथून पुढे आम्ही दोघांची ओळख वाढवायचे प्रयत्न सोडून दिले आणि घर बदललं. एक ट्रे बेडरूममध्ये पलंगामागच्या कोपऱ्यात, झाकण नसलेला, म्हणजे आत बसल्यावर दार दिसावं. दुसरा गॅलरीत. बेसिनखाली एकच राहिला. जाईची वाटी फ्रिजवर गेली. बेडरूममध्येही एक पाण्याचं भांडं ठेवलं.

सासूबाईंना ट्रे पलंगाजवळ असणं जड गेलं. त्यांची देवपूजा, सोवळं-ओवळं सगळं त्याच खोलीत. मी विचारायला धजत नव्हते. त्यांनीच तो नकाशा बघितला, निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्या पायाशी झोपणारी पोर ही. ठेव इथेच. देव्हारा मी हॉलमध्ये नेते."

सुतार एका सकाळी आला. बेडरूमच्या कपाटापासून दारावरून पॅसेजच्या भिंतीला लागून फ्रिजच्या वरपर्यंत चार फळ्या, दहा इंच रुंदीच्या, एल आकाराच्या लोखंडी पट्ट्यांवर. पाय घसरू नयेत म्हणून वरून गोणपाट ठोकलं. आमच्यासारख्या लहान घरात जमीन वाढवता येत नाही, पण भिंती रिकाम्या असतात. मांजरासाठी सहा फुटांवरची फळी हा वेगळा मजला असतो. पॅसेजच्या तोंडाशी एक स्टूल आणि त्यावर कुंडी ठेवली, म्हणजे हॉलमधून बेडरूमपर्यंतची सरळ नजर तुटावी.

गादीचे डाग पुसताना आणखी एक गोष्ट कळली. आम्ही फरशी फिनाइलने पुसत होतो. मांजराच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही. फरशीवरून ते पंजांना लागतं आणि पंजा चाटला की पोटात जातं. फिनाइल बंद केलं. डागांवर एन्झाइमचं क्लीनर वापरलं, कारण साध्या साबणाने आपल्या नाकाला वास गेला तरी मांजराच्या नाकाला राहतो आणि ते पुन्हा तिथेच बसतं.

रंगासाठीही काही करायला हवं होतं. तो दुष्ट नव्हता, वर्षभराचा उधाणलेला पोरगा होता आणि दिवसभर त्याला बघायला जाईशिवाय काही नव्हतं. दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी दहा मिनिटं, पिसाच्या काठीमागे धाप लागेपर्यंत पळवायचं काम नवऱ्याने घेतलं. "मिटवतील" म्हणणारा हाच माणूस ऑफिसातून आल्यावर बूट काढायच्या आधी काठी हातात घ्यायचा. पळून, झडप घालून, मग खाऊन रंगा झोपायचा. तोही पॅसेजपासून दूर, खिडकीजवळ टांगलेल्या नव्या झोळीत.

चौथ्या दिवशी जाई दुपारी साडेतीन वाजता कपाटावरून फळीवर आली, रंगाच्या डोक्यावरून चालत फ्रिजवर गेली आणि जेवली. मुलीने वहीत वेळ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

लक्ष्मीपूजनाची रात्र

दिवाळीत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, टीव्ही मोठा, एवढी तयारी होती. तरी सोसायटीच्या फाटकाशी लागलेल्या सुतळी बॉम्बने घर हादरलं. रंगा दचकून उडाला. समोर, सगळ्यात खालच्या फळीवर, जाई होती. तो तिच्यावर तुटून पडला. बॉम्बची भीती निघाली तिच्यावर. घाबरलेलं मांजर जे समोर दिसेल त्यावर हल्ला करतं आणि पुढे कित्येक दिवस त्यालाच त्या भीतीचं कारण समजतं.

या वेळी कुणीही हात घातला नाही. नवऱ्याने चादर टाकली, मी पुठ्ठा सरकवला. रंगा गॅलरीत, जाई बेडरूममध्ये, दोन्हीकडे अंधार, पाणी, ट्रे आणि दारं बंद. पेटलेलं मांजर निवायला काही तास लागतात, कधी दोन दिवसही. कुरवाळून समजूत काढायला गेलं तर ओरबाडतं. भाऊबीजेपर्यंत आम्ही दोघांना भेटवलं नाही. मग पुन्हा पहिल्यापासून: दाराच्या दोन बाजूंना वाट्या, जाळी, पुठ्ठा. फक्त या वेळी सगळं नऊ दिवसांत झालं. मला वाटतं, घरातल्या वाटा आता मोकळ्या होत्या म्हणून. जाईला पळून कुठे जायचं ते माहीत होतं.

फेब्रुवारी

रंगाची दुसरी चाचणीही निगेटिव्ह आली होती. जाई 3.7 किलो. नोव्हेंबरनंतर गादीवर डाग नाही. लघवी दोनदा तपासली, स्वच्छ. मुलीने पुन्हा तीन दिवस ठिपके मारले: निळे ठिपके बेडरूमच्या खिडकीत, फळ्यांवर, फ्रिजवर आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर.

दोघांची दोस्ती झालेली नाही. एकमेकांना चाटत नाहीत, बिलगून झोपत नाहीत. रात्री सासूबाईंच्या पायाशी जाई आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला, दीड हात अंतरावर, रंगा. जानेवारीच्या थंडीत एकदा ते अंतर वीतभर झालं होतं. नाकाला नाक एकदाच लागलं. लोक विचारतात, "मग खेळतात का एकत्र?" नाही खेळत. जाईला तिचा दिवस परत मिळाला, मला तेवढंच हवं होतं.

एक अडचण जानेवारीत निघाली. रंगा फळ्यांवर चढायला शिकला. एकदा दोघं समोरासमोर आली, जाई फ्रिजकडून, तो कपाटाकडून, आणि मध्ये दहा इंचाची फळी. कुणाला वळता येईना. मी खालून चमच्याने वाटी वाजवली, तो उडी मारून उतरला. वाट एकेरी असेल तर ती उंचावर असूनही पॅसेजच होते. सुताराला पुन्हा बोलावलं. आता दोन नंबरच्या फळीपासून एक फाटा खाली वॉशिंग मशीनवर उतरतो, म्हणजे मध्येच सटकता येतं.

गेल्या आठवड्यात जाईला एकटीला लसीसाठी नेलं होतं. परत आली तर तिच्या अंगाला दवाखान्याचा वास, आणि रंगा तिला ओळखेना. फिस्कारला. तिला रात्रभर बेडरूममध्ये ठेवलं, सासूबाईंच्या साडीवर झोपू दिलं, सकाळी तिला तिचाच वास परत आला होता. पुढच्या खेपेला दोघांना एकाच दिवशी न्यायचं ठरवलंय, दोन वेगळ्या पिंजऱ्यांत. मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर ती तारीख लिहून ठेवली आहे.